पानाच्या दराकडून कोर्सच्या फीकडे

मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे प्रकाशक, काही दिवाळी अंक, पीएचडीचे प्रबंध, मधूनच एखाद्या संस्थेची स्मरणिका. सगळं काम पानाच्या दरावर. त्याच्या जोडीला मी आता जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा पद्धतीत) आणून इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक कसं लावायचं, याचा ऑनलाइन कोर्स विकते. वर्षाच्या कमाईत कोर्सचा वाटा निम्म्याच्या पुढे गेलाय. डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर पानं लावणारे), भाषांतरकार, मुद्रितशोधक असे पानाच्या किंवा शब्दाच्या दरावर जगणारे बरेच जण विचारतात, की हे जमवायचं कसं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘एकदा रेकॉर्ड करा आणि झोपेत कमवा’ असल्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. रात्री झोपेत पैसे येतात, हे खरं आहे. सकाळी उठल्यावर पैसे भरलेल्या त्या माणसाचा मेसेजही आलेला असतो, ‘मॅडम, फॉन्ट दिसत नाहीये.’ या धंद्यात त्या मेसेजला उत्तर देणं आलंच. ते ज्याला नको असेल त्याने पानाचा दर वाढवून घ्यावा, तो मार्ग सोपा आहे.

विषय फोनमध्ये सापडतो

‘मला काय काय येतं’ याची यादी करून बसू नका. ती लांबलचक होते आणि तिच्यातून ‘संपूर्ण डीटीपी कोर्स’ नावाचं काहीतरी अगडबंब तयार होतं. त्यापेक्षा व्हॉट्सॲप उघडा आणि लोकांनी तुम्हाला फुकटात काय विचारलंय ते बघा. एक हंगामभर असे प्रश्न एका वहीत उतरवून ठेवा. विचारणाऱ्याचेच शब्द लिहा, आपल्या भाषेत सुधारून घेऊ नका. पुढे कोर्सची जाहिरात लिहिताना तेच शब्द लागतात.

माझ्याकडे तीन प्रश्न फिरून फिरून येत. (श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, आणि कन्व्हर्टर म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम.) पहिला, ‘श्रीलिपीतली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.’ दुसरा, ‘कन्व्हर्टरमधून काढलं, पण दुसऱ्याचं दुसर्या झालं.’ तिसरा, ‘इनडिझाइनमध्ये पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.’

तिसऱ्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय) ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा आणि भाषा मराठी ठेवायची. भाषा मराठी ठेवली, की ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. राज्य शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयात ज्यांचा आग्रह धरलाय तेच हे ल आणि श. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी पैसे देणार नाही. हा पाठ मी फुकट ठेवलाय. लोक तो एकमेकांना पाठवतात आणि त्यातूनच कोर्सपर्यंत येतात.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. जुन्या फॉन्टमधला ‘ऱ्या’मधला आडवा र बरेच कन्व्हर्टर साध्या अर्ध्या र मध्ये बदलतात आणि त्याचा रफार होतो. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’. सगळीकडे एका दमात फाइंड-रिप्लेस करून टाकू म्हटलं तर ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पर्याय’ बिघडतात. वर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द बरोबर. एक गुरुजींसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. संदर्भ वाचल्याशिवाय कुठला हवा ते कळणार नाही. म्हणून काम टप्प्याटप्प्यानं करावं लागतं. आधी बिनधोक शब्दांची यादी चालवायची: दुसऱ्या, तिसऱ्या, साऱ्या, बऱ्याच, अपुऱ्या. मग ‘र्ह’ घ्यायचा. तिथे वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा हे बहुतेक सगळे आडव्या र चे, पण ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ सोडायचे. मग उरलेले एकेक करून डोळ्यांनी. तीनशे पानांच्या पुस्तकात हे सगळं हातानं करायचं म्हणजे दिवस जातात. यादी आणि क्रम हाताशी असला की तेच काम एका बैठकीत उरकतं. पैसे या वाचणाऱ्या वेळेचे मिळतात.

तुमच्या कामात असा प्रश्न कुठला, ते शोधा. खूण अशी की तुम्हाला उत्तर पाठ आहे, विचारणाऱ्याचं काम अडलंय, आणि उत्तर एका मेसेजमध्ये मावत नाही. भाषांतरकाराकडे तो कायद्याच्या मसुद्याचा असेल, मुद्रितशोधकाकडे ऱ्हस्व-दीर्घाचा.

आणखी एक चाळणी लावा. विचारणारा ते शिकून पैसे वाचवणार किंवा कमावणार आहे का? लातूर-सांगलीकडे डीटीपी सेंटर चालवणाऱ्या माणसाच्या कपाटात पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचा ढीग असतो. पेजमेकर ७ आलं २००१ साली. युनिकोड त्याला कळत नाही, आणि इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतच नाहीत. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढा म्हणतो आणि हा अडकतो. असा माणूस फी भरतो. ‘हौस म्हणून शिकायचंय’ म्हणणारा आपुलकीनं बोलतो, फुकटचा पाठ बघतो आणि निघून जातो. त्याच्यावर रागावू नका, पण त्याच्यासाठी कोर्सही बनवू नका.

रेकॉर्डिंगच्या आधी जिवंत वर्ग

विषय ठरला की लोक लगेच माइक विकत घेतात. थांबा. आधी आठ-दहा जणांचा थेट वर्ग घ्या, अर्ध्या फीत. झूमचं फुकट खातं चालतं. त्यात बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, आणि ते चांगलंच आहे. तेवढ्या वेळानंतर समोरच्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

या वर्गात शिकवण्याइतकंच ऐकायचंय. मला वाटायचं, लोक कन्व्हर्टरपाशी अडत असणार. प्रत्यक्षात निम्मे जण त्याच्या आधीच अडलेले होते. मूळ फाइलमध्ये नेमका कुठला फॉन्ट वापरलाय हे त्यांना ओळखता येत नव्हतं, आणि फॉन्टचं घराणं, म्हणजे तो कुठल्या सॉफ्टवेअरच्या संचातला, हे चुकलं की कन्व्हर्टर भलतंच काहीतरी देतो. पानाच्या दरावर काम करताना आपण हा टप्पा बोलत नाही, हात आपोआप करतात. शिकवताना हाच टप्पा सुटतो. माझ्या कोर्सचा पहिला पाठ आज ‘हा फॉन्ट कुठल्या घराण्यातला, ते पाच अक्षरांवरून ओळखा’ असा आहे, आणि तो मला घरी बसून कधी सुचला नसता.

वर्गाची फी आधी घ्या, यूपीआयवर. ‘येतो येतो’ म्हणणारे आणि पैसे भरणारे यांतला फरक इथेच कळतो. ओळखीतले आठजणसुद्धा पैसे भरून येत नसतील तर विषय बदला, माइक घेऊ नका.

रेकॉर्डिंग

स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ फुकट आहे. कापाकापीला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माइकवर करा. चित्र जरा धूसर असलं तर चालतं, आवाज घुमला की माणूस पाठ बंद करतो. तुमचा चेहरा दिसायची गरज नाही. मी फक्त पहिल्या पाठात दिसते, लोकांना खात्री पटावी म्हणून, की या बाई खरोखरच आहेत.

शिकणारा बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर काम करतो आणि पाठ शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर बघतो. इनडिझाइनचे मेन्यू मोबाइलच्या पडद्यावर मुंगीएवढे दिसतात. म्हणून मेन्यू उघडला की तिथे चित्र मोठं करा, आणि काय दाबलं ते तोंडानंही सांगा. ‘इथे क्लिक करा’ म्हणू नका, ‘टाइप मेन्यूत, खालून तिसरं’ म्हणा. पाठ सहा ते नऊ मिनिटांचे ठेवा, एका पाठात एकच काम. पाठाच्या शेवटी हातात काहीतरी उरलं पाहिजे: एक साफ झालेलं पान, एक जतन केलेली स्टाइल, असं काही.

आवाजाचं वेळापत्रक ज्यानं त्यानं आपल्या गल्लीप्रमाणे लावावं. पुण्यात आषाढ-श्रावणात संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा रेकॉर्डिंगचं नाव काढू नये. कुकरची वेळ टाळावी. पंखा बंद करावा लागतो, म्हणजे एप्रिल-मेही बाद. मी पहाटेची माणूस झाले ती यामुळेच.

सरावासाठी मजकूर कुठला द्यायचा, इथे मात्र नीट लक्ष द्या. प्रकाशकाच्या पुस्तकाची फाइल तुमच्याकडे आहे म्हणून ती तुमची होत नाही. पानभर नमुना दाखवायचा तरी लेखी विचारा. सोपा रस्ता म्हणजे ज्यांचा प्रताधिकार संपलाय असा मजकूर. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, केशवसुत १९०५ साली. गद्याच्या सरावाला एक, कवितेच्या ओळी लावायला दुसरा, काम झालं. फॉन्टचंही तसंच. विकतचे फॉन्ट विद्यार्थ्यांना वाटायचे नसतात. मुक्त परवान्याचे मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी, आयआयटी मुंबईचा शोभिका असे चांगले फॉन्ट आहेत, ते बिनधास्त द्या. कोर्स घेतला आणि पहिल्याच दिवशी फॉन्टवर वेगळा खर्च करावा लागला, तर तो माणूस पैसे परत मागतो, आणि बरोबरच मागतो.

फी किती लावायची

तुमच्या पानाच्या दरातूनच सुरुवात करा. समजा दर ६० रुपये आहे. २०० पानांचं पुस्तक म्हणजे १२,००० रुपये. कोर्स शिकणाऱ्याचं असं एक पुस्तक वेळेत सुटलं तर त्याला तेवढे मिळणार. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे २,४०० रुपये फी त्याला जड वाटत नाही. ४९९ला विकायचा मोह होतो, पण ४९९ देणारेच सगळ्यात जास्त फोन करतात. हा माझा अनुभव आहे, नियम नाही.

पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. त्याचं शुल्क साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. २,४०० मधून ४८ रुपये शुल्क आणि ८ रुपये ६४ पैसे कर, म्हणजे हातात २,३४३. पाच विक्रीत एका पुस्तकाचे पैसे जवळजवळ निघतात, जाहिरातीवर एक रुपयाही खर्च केला नाही तर. पाच विक्री ऐकायला सोपी वाटते. पण प्रकाशक एकच असतो आणि तो स्वतः फोन करतो. ही पाच माणसं आपल्याला शोधावी लागतात.

पैसे परत देण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा: सात दिवसांत, पहिल्या तीन पाठांपुढे गेला नसाल तर पूर्ण रक्कम परत, कारण विचारणार नाही.

कुठे विकायचा

दोन वाटा आहेत. युडेमीसारख्या बाजारपेठेत कोर्स ठेवला तर जागा, व्हिडिओ, पैसे गोळा करणं सगळं तेच बघतात. पण त्यांच्या बाजारातून गिऱ्हाईक आलं तर शिकवणाऱ्याला ३७ टक्के मिळतात. तुमच्या स्वतःच्या कुपन-लिंकवरून आलं तर ९७. शिवाय तिथे सवलती सतत चालू असतात, त्यामुळे २,४०० रुपयांचा कोर्स काहीशे रुपयांत विकला जातो. दुसरी वाट म्हणजे ग्राफी किंवा टीचेबलसारखी सेवा भाड्याने घेऊन आपल्या नावाचं दुकान. गिऱ्हाईक आणायचं काम सर्वस्वी तुमचं, पण त्याचा नंबर आणि ईमेल तुमच्याकडे राहतो.

मराठीतल्या इतक्या अरुंद विषयाला मी दुसरी वाट घेईन. युडेमीवर कोणी ‘श्रीलिपी’ शोधत बसत नाही. आपलं गिऱ्हाईक मुद्रकांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत असतं. तिथे रोज जाहिरात टाकू नका, काढून टाकतात. कोणी अडल्याचा मेसेज टाकला की तिथेच सगळ्यांसमोर पूर्ण उत्तर द्या. महिन्यातून एकदा कोर्सचं नाव घेतलं तरी मग चालून जातं.

विक्रीचं पंचांग मात्र सांभाळा. डीटीपी सेंटरला लग्नपत्रिकांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर लागतो, तेव्हा त्यांना बोलायला फुरसत नसते. पितृपंधरवड्यात दुकानं मोकळी असतात, पण तेव्हा नवीन काही घ्यायचं नाही म्हणून लोक नुसती चौकशी करतात आणि पैसे घटस्थापनेला भरतात. माझी तेव्हा दिवाळी अंकांची पानं गळ्यापर्यंत आलेली असतात. म्हणून नवरात्रात मी फक्त रेकॉर्ड केलेला कोर्स विकते. थेट वर्ग दिवाळी ते तुळशीचं लग्न या मधल्या दिवसांत, मीही मोकळी आणि तेही.

जुनी कामं कशी सोडायची

एकदम सोडू नका. सगळ्यात आधी उशिरा पैसे देणाऱ्यांना नवा दर सांगा, जरा चढाच. बरेच आपण होऊन जातात, भांडण होत नाही. जे नव्या दराला तयार होतात ते राहू द्या. मग ठरलेल्या पठडीतली कामं, म्हणजे प्रबंध वगैरे, कोर्स पूर्ण केलेल्या चांगल्या विद्यार्थ्याकडे पाठवा. प्रकाशकाला माणूस मिळतो, विद्यार्थ्याला काम मिळतं, आणि ‘कोर्स करून काम मिळालं’ हे तो चार जणांना सांगतो. त्यासारखी जाहिरात नाही.

वर्षातून दोन-तीन अवघड पुस्तकं मात्र हातची जाऊ देऊ नका. तळटीपा, कोष्टकं, मध्येच संस्कृत, शेवटी सूची असलं काहीतरी. नवे प्रश्न तिथूनच येतात. नुसतं शिकवतच राहिलं की दोन वर्षांत आपण जुनी उत्तरं देऊ लागतो.

पैशाचं वळणही बदलतं. प्रकाशकाच्या बिलातून टीडीएस कापून जायचा, वर्षाअखेरी फार भरावं लागत नसे. कोर्स घेणारी माणसं तुमचा टीडीएस कापत नाहीत. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना. म्हणून फीतला ठरावीक भाग आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते, पण त्या २० लाखांत कोर्स आणि पानाची कामं दोन्ही धरली जातात. नोंदणी झाल्यावर २,४०० हीच किंमत करासकट ठेवली तर तुमच्या वाट्याला २,०३४ रुपये उरतात. सीएकडे कोर्स सुरू करतानाच जा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते तुमच्याशी धड बोलणार नाहीत.

फुटणं आणि जुनं होणं

पाठ कोणीतरी टेलिग्रामवर टाकणारच. गूगल ड्राइव्हची लिंक किंवा यूट्यूबवर लपवलेला व्हिडिओ देऊ नका, त्या लिंका सहज फिरतात. व्हिडिओवर विद्यार्थ्याचा नंबर उमटवणारी सेवा घ्या. त्यापलीकडे मागे लागण्यात अर्थ नाही. शंका विचारायचा गट आणि तपासून दिलेला सराव फुटत नाही, म्हणून फीचं वजन तिकडे ठेवा. मी प्रत्येकाची दहा पानं स्वतः तपासून देते, आणि ते कोर्सच्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मेन्यू इकडचे तिकडे होतात. कोर्स जुना दिसायला लागतो तो तिथून. आवृत्तीचा क्रमांक पाठात तोंडानं बोलू नका, पाठाच्या नावात लिहा. नाव दोन सेकंदांत बदलता येतं, आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. मेन्यू दाखवणारे भाग वेगळ्या छोट्या पाठांत ठेवा, आणि ‘र्य’ कुठे, ‘ऱ्य’ कुठे हे समजावणारे वेगळे. पहिले दरवर्षी बदलावे लागतात, दुसरे वर्षानुवर्षं चालतात.